सेवाभावाची परीक्षा

सरकारी सेवेत येऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांचा सेवाभाव निवडीच्या वेळीच मोजून घ्यावा, अशी सूचना गेल्या काही वर्षांत प्रशिक्षणाच्या आणि कार्मिक विषयांच्या बैठकांतून माझ्या कानी वारंवार पडते. सूचना करणारे बहुधा तरुण, परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेले आणि हेतूने स्वच्छ असतात. त्यांचे म्हणणे असे की, आपण बुद्धी मोजतो, स्मरणशक्ती मोजतो, सामान्यज्ञान तर वाजवीपेक्षा जास्तच मोजतो. मग ज्या गुणावाचून 'लोकसेवक' हा शब्दच पोकळ ठरतो, तो गुण का मोजू नये? मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या मागोमाग अर्थशास्त्रज्ञांनी परोपकारबुद्धी मोजण्याचे प्रयोग तयार केले आहेत. ते उचलावेत आणि निवडप्रक्रियेत बसवावेत.

या सूचनेला माझा विरोध आहे. परंतु 'असल्या गोष्टी कुठे मोजता येतात काय!' असे म्हणून ती उडवून लावणाऱ्या माझ्या समवयस्क सहकाऱ्यांशीही मी सहमत नाही. मोजता येते. प्रश्न आहे तो या प्रयोगांत नेमके काय मोजले जाते, हा. माणसाच्या अंगी असलेला गुण, की ज्या व्यवस्थेत त्याला उभे केले आहे त्या व्यवस्थेचा परिणाम?

आमच्या वेळी एम.ए.ला जे अर्थशास्त्र शिकवले जाई, त्यातला माणूस फक्त स्वतःचे हित पाहणारा होता. अमर्त्य सेन यांचा १९७७ सालचा 'रॅशनल फूल्स' हा निबंध वाचायला सांगत, त्याचे कौतुकही होई, आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत पुन्हा तोच स्वार्थी माणूस येऊन बसे. या माणसाला प्रयोगशाळेत धक्का दिला तो एका अगदी साध्या खेळाने. त्याचे नाव 'डिक्टेटर गेम'. दोन अनोळखी व्यक्ती असतात. एकीच्या हाती ठरावीक रक्कम देतात, समजा दहा डॉलर. तिने त्यातले हवे तेवढे दुसरीला द्यावेत किंवा मुळीच देऊ नयेत; दुसरीला तक्रारीचा अधिकार नाही. खेळ एकदाच खेळायचा, पुन्हा गाठ पडायची नाही. पाठ्यपुस्तकातला माणूस येथे शून्य देईल. ख्रिस्टोफ एंगेल यांनी २०११ साली अशा शंभरावर अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा सरासरी सुमारे २८ टक्के रक्कम दिली गेल्याचे आढळले. काहीच न देणारे सुमारे ३६ टक्के होते.

येथवर वाचून मनुष्यस्वभावाविषयी समाधान वाटते. पण पुढचे प्रयोग पाहावेत. ज्यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्या व्हर्नन स्मिथ यांनी सहकाऱ्यांसह १९९४ साली हाच खेळ अशा रीतीने मांडला की, कोणी किती दिले हे खुद्द प्रयोग करणाऱ्यालाही कळू नये. तेव्हा सुमारे दोनतृतीयांश लोकांनी काहीच दिले नाही. २००७ साली जॉन लिस्ट यांनी आणखी मजेदार बदल केला. नेहमीच्या खेळात सुमारे सत्तर टक्के लोक काही ना काही देत होते. लिस्ट यांनी एवढेच केले की, हवे तर समोरच्याकडून एक डॉलर काढून घेण्याचीही मुभा दिली. लगेच देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावर आले. देणाऱ्याच्या खिशात तेवढेच पैसे होते, घेणाराही तितकाच अनोळखी होता. बदलला तो फक्त शून्याचा अर्थ. आधी शून्य देणे हा सर्वांत खालचा दर्जा होता. आता 'मी निदान घेतले तर नाही ना' असे म्हणता येऊ लागले.

सरकारी नोकरीतल्या माणसाला हे समजायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही, वेतनपत्रक पुरते. मोठी आपत्ती आली की परिपत्रक फिरते, कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचे वेतन साहाय्यनिधीस द्यावे. याच्या दोन पद्धती मी पाहिल्या आहेत. एकीत ज्याला द्यायचे आहे त्याने संमतिपत्र भरायचे. दुसरीत वेतनातून कपात सर्वांचीच व्हायची, आणि ज्याला द्यायचे नाही त्याने तसे लेखी कळवायचे. दोन्हींच्या तळाशी येणाऱ्या बेरजांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. लेखी नकार आस्थापना शाखेच्या ज्या टेबलावर द्यायचा, त्याच टेबलावरून पुढे रजेची आणि बढतीची कागदपत्रे जायची असतात, हे कोणाला सांगावे लागत नाही. वर पाठवायच्या अहवालात मात्र दोन्ही वर्षी वाक्य एकच: कर्मचाऱ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.

या दानाला मी खोटे म्हणत नाही. निधीला पैसे मिळतात, ते कोणाच्या तरी उपयोगी पडतात, आणि माझ्या मते शासनाने अशी कपात सुचवण्यात गैर काही नाही. पण त्या आकड्यावरून कर्मचाऱ्यांच्या अंतःकरणाविषयी काहीही सिद्ध होत नाही. आमच्या शाखेतल्या एका एमटीएस कर्मचाऱ्याने संमतिपत्राच्या वर्षी, कोणी विचारले नसताना, दोन दिवसांचे वेतन लिहून दिले होते. दुसऱ्या पद्धतीत तो मनुष्य दिसणारच नाही. तो इतरांत मिसळून जाईल.

याच मालिकेतला एक प्रयोग प्रत्येक प्रशासकाने वाचावा असा आहे. जेसन डाना व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीपुढे दोन पर्याय: एकात स्वतःला सहा डॉलर आणि दुसऱ्याला एक, दुसऱ्यात दोघांनाही पाच-पाच. सारे स्पष्ट दिसत असताना सुमारे तीनचतुर्थांश लोकांनी समान वाटप निवडले. मग त्यांनी दुसऱ्याच्या वाट्याला काय येणार हे झाकून ठेवले. एक बटण दाबले की फुकटात कळणार होते. जवळजवळ निम्म्या लोकांनी ते बटण दाबलेच नाही आणि बहुतेकांनी सहा डॉलर घेतले. दुसऱ्याचे नुकसान होते की नाही हे माहीत नसले म्हणजे सहा डॉलर निर्वेधपणे घेता येतात. आमच्याकडे बटण नसते, फाइल असते. ती पूर्ण वाचली की जबाबदारी येते. म्हणून वरवर चाळून 'चर्चा करावी' असा शेरा मारायचा आणि परत पाठवायची. शेरा मारणारा दुष्ट नसतो. त्याला ठाऊक नसते, एवढेच. आणि ठाऊक करून घेण्याचे बंधन व्यवस्थेने त्याच्यावर घातलेले नसते.

आता रस्त्यावर येऊ. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. जेरुसलेमहून जेरिकोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी मारून टाकलेला एक जखमी पडला आहे, धर्मोपदेशक त्याला ओलांडून जातो आणि परका शोमरोनी त्याची शुश्रूषा करतो, ही बायबलमधली कथा वाचकांना माहीत असेल. विद्यार्थ्यांपैकी काहींना याच कथेवर, तर काहींना दुसऱ्याच विषयावर शेजारच्या इमारतीत जाऊन बोलायचे होते. वाटेत एका दारात एक मनुष्य खोकत, कण्हत वाकून बसलेला. तो अर्थात प्रयोगकर्त्यांनीच बसवलेला. ज्यांना 'भरपूर वेळ आहे' असे सांगितले होते त्यांपैकी ६३ टक्के थांबले. 'वेळ झालीच आहे' असे ज्यांना सांगितले त्यांपैकी ४५ टक्के, आणि 'उशीर झाला, धावा' असे ज्यांना सांगितले त्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून हसण्याचा मोह होतो. पण कोरडे पाषाण कोण, ते विद्यार्थी की त्यांना धावायला लावणारे वेळापत्रक?

चाळीस माणसांवरचे आकडे शिलालेखासारखे मानू नयेत, हेही सांगितले पाहिजे. त्या दशकांतल्या सामाजिक मानसशास्त्राने दिलेल्या अनेक आकर्षक निष्कर्षांचे पुढे तेज उतरले. टेलिफोन बूथमध्ये नाणे सापडलेला मनुष्य अधिक मदत करतो, हा १९७२ सालचा निष्कर्ष पुन्हा करून पाहणाऱ्यांना तसा मिळाला नाही. बघ्यांची संख्या वाढली की मदत घटते, हे आपण सारे शिकलो. पण २०१९ साली ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन येथील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यांतले चित्रण तपासले, तेव्हा ९१ टक्के प्रसंगी कोणी ना कोणी मध्ये पडलेले दिसले, आणि माणसे जितकी जास्त तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त होती.

आपल्याला मात्र चाळीस विद्यार्थ्यांवर विसंबण्याचे कारण नाही. आपल्या महामार्गांवर हा प्रयोग कित्येक दशके चालू आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. वेळेवर उपचार मिळाले तर यांतली किती वाचतील याविषयी विधी आयोगाने २००६ सालच्या २०१व्या अहवालात निम्म्याचा अंदाज उद्धृत केला आहे. तो बाजूला ठेवून त्याहून पुष्कळ कमी धरले तरी संख्या हजारोंत जाते. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ साली काही शहरांत केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी सांगितले की, आपण बहुधा अपघातग्रस्ताला मदत करणार नाही. आणि त्यांतल्या ८८ टक्क्यांनी कारण दिले ते पोलिसांची वारंवार चौकशी आणि कोर्टाच्या खेपा यांचे. दिल्ली-जयपूर रस्त्यावर गाडीचा वेग न कमी करता पुढे जाणाऱ्यांना आपण निर्दय म्हणतो. वास्तविक त्यांनी थांबण्याची किंमत अचूक जोखलेली होती, आणि ती किंमत त्यांच्यावर लादणारे आम्ही, म्हणजे शासन, होतो.

ती किंमत कमी करण्याचे काम त्याच संस्थेच्या याचिकेने सुरू झाले. केंद्राने २०१५ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये त्यांना बंधनकारक स्वरूप दिले, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि २०२० साली नियम झाले. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला साक्षीदार करता येत नाही, रुग्णालयाने त्याला अडवून ठेवायचे नाही. अमेरिकेतल्या वाचकांना 'गुड समॅरिटन लॉ' हे नाव परिचित असेल. तेथे त्याचा मुख्य उद्देश, मदत करताना चूक झाली तर दाव्यापासून संरक्षण, हा असतो. आपल्या कायद्यात तेही आहे, पण आपला खरा भर मदत करणाऱ्याला ठाण्यापासून आणि कोर्टापासून वाचवण्यावर आहे. मात्र कायदा झाला म्हणून व्यवस्था बदलतेच असे नाही. त्याच संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत पाचांपैकी चारांहून अधिक लोकांना हे संरक्षण ठाऊकच नव्हते. या अधिकारांचा फलक प्रत्येक रुग्णालयाने प्रवेशद्वारी हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावावा, असा नियम आहे. गेल्या दोन वर्षांत दौऱ्यावर असताना मी निरनिराळ्या राज्यांतल्या तीन रुग्णालयांत मुद्दाम तो शोधला. दोन ठिकाणी सापडला नाही. तिसऱ्या ठिकाणी होता, फक्त इंग्रजीत, नोटीसबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात. वाचायला मला चष्मा बदलावा लागला.

याच्याच जोडीला आता बक्षीस आले आहे. अपघातग्रस्ताला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास २०२१ पासून पाच हजार रुपये मिळत. २०२५ साली 'राहवीर' योजनेत ते पंचवीस हजार झाले. येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा एक प्रयोग आठवतो. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली असे मांडले होते की, रक्ताला पैसे देऊ लागलात तर रक्तदान आटेल. २००८ साली मेलस्ट्रॉम आणि योहानेसन यांनी ते तपासले. रक्तदाता होण्यासाठी किरकोळ रक्कम देऊ केल्यावर स्त्रियांत तयारी दाखवणाऱ्यांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर घसरले. पुरुषांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि तीच रक्कम एखाद्या धर्मादाय कार्याला देण्याची सोय ठेवताच स्त्रियांचे प्रमाण पुन्हा ५३ टक्क्यांवर आले.

पंचवीस हजार ही किरकोळ रक्कम नव्हे, आणि अपघाताचे ठिकाण म्हणजे रक्तपेढी नव्हे. रिक्षावाल्याचा अर्धा दिवस बुडतो, सीट खराब होते. त्याची भरपाई व्हायलाच हवी. सेवानियमांच्या मर्यादेत राहून मी इतकेच म्हणेन की, बक्षिसासाठी पोलिसांकडून नावपत्त्यानिशी पोच घ्यावी लागते आणि मग जिल्हास्तरीय समिती प्रकरण तपासते. म्हणजे ज्या दारापासून माणसे पळत होती, त्याच दाराने बक्षीस ठेवले आहे. त्या पोचपावतीवर 'ही रक्कम मी अमुक रुग्णालयाच्या अपघात विभागाला देऊ इच्छितो' असा एक रकाना घालण्यास खर्च काही नाही. गोथेनबर्गचे स्वीडिश निष्कर्ष आपल्याकडे लागू पडतात की नाहीत, हे चार जिल्ह्यांत तो रकाना ठेवून आणि चार जिल्ह्यांत न ठेवता पाहता येईल.

आता सूचना करणाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. तो आपल्याच देशातला आहे आणि आमच्या सेवेतल्या माणसाला कडू लागणारा आहे. रेमा हॅना आणि शिंग-यी वांग यांनी बंगळूरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना फासा ४२ वेळा टाकून पडलेले आकडे स्वतःच नोंदवायला सांगितले. आकडा मोठा तर पैसे जास्त. ज्यांच्या बेरजा न पटण्याइतक्या मोठ्या निघाल्या, त्यांचा ओढा सरकारी नोकरीकडे अधिक होता. दानाच्या खेळात हात आखडता घेणाऱ्यांचाही तोच कल. कर्नाटकातील सरकारी परिचारिकांत जिने फाशात फसवले, ती कामावरून खोटेपणाने गैरहजर राहण्याची शक्यताही अधिक आढळली. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मग परीक्षा घ्यायला हरकत काय?

हरकत दोन आहेत. पहिली अशी की, डेन्मार्कमध्ये तशाच फाशाच्या खेळाचा निष्कर्ष २०१९ साली नेमका उलटा आला. तेथे प्रामाणिक विद्यार्थी सरकारी नोकरीकडे वळत होते. डॅनिश तरुण जन्मतः सज्जन आणि बंगळूरचे लबाड, असे कोणी म्हणणार नाही. ज्या नोकरीत वरकमाई आहे असा लौकिक असतो, तिकडे तसा मनुष्य वळतो. लौकिक बदलायचा तर नोकरी बदलावी लागेल. दारावर फासा टांगून भागणार नाही.

दुसरी हरकत आपल्या उमेदवारांना जवळून पाहिलेल्याला लगेच सुचेल. बंगळूरच्या मुलांना त्या खेळात चार पैशांपलीकडे काही मिळवायचे नव्हते, म्हणून ती खरी खेळली. तोच फासा निवडीसाठी ठेवला की महिन्याभरात पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरात 'परोपकार: हमखास गुण' अशा पाट्या लागतील. दहापैकी चार द्यावेत, पाच दिले तर ढोंग वाटते, अशी टिपणे विकली जातील. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका आहे. ती आणण्यामागचा हेतू उत्तम होता, तिच्यामुळे मुले काही चांगले वाचतात हेही खरे. पण तिची उत्तरेही आता साच्यातून काढल्यासारखी येतात. जी मोजपट्टी लक्ष्य होते ती मोजपट्टी राहत नाही, हे चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंदर्भात म्हटले होते. येथेही ते तंतोतंत लागू पडते. शिवाय २०१९ साली गॅलिझ्झी आणि नव्हारो-मार्टिनेझ यांनी असे दाखवले की, प्रयोगशाळेतल्या अशा खेळांवरून त्याच माणसांचे बाहेरच्या जगातले वागणे फारसे सांगता येत नाही.

मोजपट्टी परकी असली म्हणजे काय होते, याचेही एक ताजे उदाहरण आहे. २०१९ साली ४० देशांत १७ हजारांवर पाकिटे 'हरवलेली सापडली' म्हणून बँका, टपाल कार्यालये, हॉटेले यांच्या स्वागतकक्षांत दिली गेली आणि किती जण मालकाला ईमेल करतात हे मोजले गेले. पैसे असलेली पाकिटे अधिक परत आली, हा मोठा सुखद निष्कर्ष होता. पण वृत्तपत्रांनी देशांची क्रमवारी छापली आणि चीन तळाशी दिसला. २०२३ साली चिनी संशोधकांनी तोच प्रयोग आपल्याकडे केला. ईमेल करणारे सुमारे एकचतुर्थांश निघाले. परंतु पाकीट जपून ठेवून मागताच देणारे तीनचतुर्थांशांहून अधिक होते. आपल्याकडचा बँकेचा रखवालदारही सापडलेले पाकीट व्यवस्थापकाच्या खणात ठेवील आणि मालक येण्याची वाट पाहील. तो ईमेल लिहीत बसणार नाही.

तेव्हा प्रयोग जरूर करावेत, पण उमेदवारांवर करू नयेत. आमच्या खिडक्यांवर, अर्जांवर आणि परिपत्रकांवर करावेत, आणि कोणाचेही नाव नोंदवू नये. एक सुचवतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. २०१४ पासून डिजिटल दाखला आहे, तरी ज्यांच्या अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत असे वृद्ध अजून खिडकीशीच येतात. अशा एका खिडकीवर महिनाभर मोजावे: किती वेळा कारकुनाने, न विचारता, पुढे कोणता कागद लागेल हे सांगितले. मग फेब्रुवारीत, रांग ओसरल्यावर, त्याच खिडकीवर त्याच कारकुनाचे पुन्हा मोजावे. आणि पुढच्या नोव्हेंबरात शेजारी दुसरी खिडकी उघडून तिसऱ्यांदा.